लेनचा रस्ता-फुटपाथ मनपाकडून नीट करून घ्यायचा असेल तर काय काय करावं लागते (खास नागपूरवाल्यांसाठी)

आमच्या लेनच्या तोंडाशी फुटपाथवर विजेची डीपी आहे. डीपी आणि बाजूच्या कंपाउंडच्या मधात जी फट उरते ती मी टेप लावून मोजली, ५५ सेंटिमीटर. आईचा वॉकर ६२ सेंटिमीटर रुंद. म्हणजे सात सेंटिमीटरपायी माझी ७४ वर्षांची आई रोज संध्याकाळी फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरायची, उतरायचं म्हणजे चांगली एक फुटाची पायरी, आणि खाली ऑटो, ई-रिक्षा, ॲक्टिव्हावाले, सगळे हॉर्न मारून राहिले. हे सात सेंटिमीटर मिळवायला मला सव्वा वर्ष लागलं आणि त्यातले सात-आठ महिने निव्वळ माझ्या बावळटपणात गेले. तुमचे जाऊ नये म्हणून लिहून राहिलो.

पहिले हे पाहा की रस्ता कोणाचा आहे

माझा बावळटपणा हाच. अर्ज टाकला, वाट पाहिली, परत टाकला, आणि नंतर कळलं की ज्या ऑफिसात अर्ज टाकला त्यांचा तो रस्ताच नव्हता. नागपुरात हे सगळ्यांसोबत होते कारण इथं रस्त्याचे मालक एक नाही, चार-पाच आहेत. मनपा आहेच. नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, आहे. मोठे रस्ते काही पीडब्ल्यूडीकडे, वर्धा रोडसारखा हायवे आला की एनएचएआय (केंद्राचं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण), मेट्रोच्या पिलरखाली महामेट्रोचा संबंध येते, आणि बेसा-पिपळ्याकडे सरकले की मनपाची हद्दच संपते. दिसायला सगळं एकच शहर, पण खड्डा अर्धा इकडचा अर्धा तिकडचा असू शकते.

तुमचा प्लॉट गुंठेवारीतल्या (म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या) ५७२ किंवा १९०० ले-आऊटपैकी असेल तर आणखी गंमत. आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) निघाली का, डिमांड (त्यासाठीची रक्कम) भरली का, ले-आऊट मनपाला हस्तांतरित झालं का, हे पहिले घरातल्या जुन्या फायलीत पाहा, शेजारच्या काकांकडे नक्की कागद असतात, ती पिढी त्याच कामात गेली. हस्तांतरण झालं नसेल तर मनपावाले सरळ म्हणतील की नासुप्रकडे जा, आणि ते खोटं बोलून नाही राहिले.

सोपा उपाय: माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारा, की अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याची देखभाल कोणत्या विभागाकडे आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते. चुकीच्या ऑफिसात गेला तरी माहितीचा अर्ज त्यांना योग्य ठिकाणी पाठवावाच लागते, साध्या तक्रारीच्या अर्जाचा काही भरवसा नाही. हे मला आठव्या महिन्यात समजलं.

मनपाचाच निघाला तर मग झोन. दहा झोन आहेत, लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. झोन पत्त्यावरून ठरते, तुम्हाला जवळ कोणतं पडते त्यावरून नाही. घरटॅक्सच्या पावतीवर झोन लिहिलेला असते, तिथून घ्या.

मोजा, मग बोला

"रस्ता खूप खराब आहे" असं लिहिलेले अर्ज झोनमध्ये गठ्ठ्यानं पडून असतात. जेई (कनिष्ठ अभियंता) पण काय करेल, त्याला कळत नाही नेमकं करायचं काय, एस्टिमेट कशाचं बनवायचं. त्याला आकडा द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात फुटपाथवर चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी पाहिजे आणि फुटपाथची उंची रस्त्यापासून १५ सेंटिमीटरच्या वर नको. मोकळी म्हणजे मोकळी, त्यात खांब, डीपी, झाडाचा बुंधा, होर्डिंगचा पाय काही मोजायचं नाही. उताराचं प्रमाण १ ला १२, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायचे तर रॅम्प १.८ मीटर लांब. आपल्याकडे दुकानासमोर स्कूटर चढवायला जे घसरगुंडीसारखं सिमेंट थापलेलं असते त्याला रॅम्प म्हणत नाही.

मिस्त्रीकडे असते तसा पाच मीटरचा टेप घ्या, आणि फोटो काढताना टेप फोटोत दिसला पाहिजे, आकडा वाचता आला पाहिजे. लोकेशन चालू ठेवा. एक फोटो दिवसा, एक रात्री लाईट बंद असतात तेव्हा, एक पावसात. सिमेंट रोडवाल्या भागात पावसातला फोटो सगळ्यात कामाचा, कारण रस्ता उंच झाला आणि घरं खाली राहिली ही तक्रार आता अर्ध्या नागपूरची आहे, २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर तर अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊटकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. तुमच्याकडे नवीन सिमेंट रोड येऊन राहिला असेल तर काम सुरू व्हायच्या पहिलेच गेटच्या ओट्यापासून रस्त्यापर्यंतची उंची मोजून अर्जात लिहून द्या आणि जुना रस्ता खोदून मगच नवीन टाका अशी मागणी करा, नंतर रडून काही होत नाही, सिमेंट कोणी फोडत नाही.

आणखी एक केलं होतं. संध्याकाळी सहा ते सात मी आणि शेजारचा पोरगा खुर्ची टाकून बसलो आणि फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरणारे लोक मोजले. वहीत रेघोट्या. म्हातारे वेगळे, लेकरं वेगळी, बाबागाडीवाल्या बाया वेगळ्या. लोक हसत होते, पण जेईनं सगळ्यात जास्त वेळ ती वहीच पाहिली.

अर्जात "विनंती" सोबत "हक्क" पण लिहा

आपल्याला सवय असते, "तरी मेहेरबान साहेबांनी कृपा करावी". कृपा लिहा हवं तर, पण त्याच्या खाली हे पण लिहा. मुंबई हायकोर्टानं २०१५ मध्येच सांगून ठेवलं आहे की नीट देखभाल केलेला रस्ता मिळणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधला, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं फुटपाथबद्दल तेच सांगितलं, पायी चालणाऱ्याला फुटपाथ पाहिजे आणि तो दिव्यांगांना वापरता आला पाहिजे. दोन्ही खंडपीठांत न्यायमूर्ती अभय ओक होते, हे आपलं सहज सांगून राहिलो. शिवाय दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात रस्ते आणि सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता येतील अशा करणं सरकारवर आणि मनपावर बंधनकारक आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजीव रतूरी यांच्या केसमध्ये स्पष्ट केलं की याचे किमान नियम सक्तीचे पाहिजेत, नुसते मार्गदर्शक नाही.

या शहरात खरं तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. सार्वजनिक तळ्याचं पाणी सगळ्यांचं यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला आणि ज्यांनी तो केला त्यांनीच १९५६ मध्ये इथं दीक्षा दिली. दरवर्षी दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, किती तरी पायीच. रस्त्यावर सुखानं चालता येणं ही सोय आहे की हक्क, यावर नागपूरकरानं तरी वाद घालू नये.

तर अर्ज साधारण असा करा: प्रति, सहायक आयुक्त, अमुक झोन. विषय, अमुक चौक ते अमुक चौक फुटपाथ चालण्यायोग्य व दिव्यांगांना वापरण्यायोग्य करण्याबाबत. मग मोजमाप, "डीपीजवळ मोकळी रुंदी ५५ सेंमी, फुटपाथची उंची ३१ सेंमी, दोन्ही टोकांना रॅम्प नाही". मग कोणाला त्रास, नाव नाही लिहिलं तरी चालते, "लेनमध्ये वॉकर वापरणाऱ्या २ व्यक्ती, व्हीलचेअर १, ज्येष्ठ नागरिक ११". मग वरचे दोन-तीन कायदे एका ओळीत. मग मागणी, आणि मागणी नेमकी: जागेची संयुक्त पाहणी आम्हाला सोबत घेऊन करावी, तारीख कळवावी. बस. एका पानाच्या वर गेलं की कोणी वाचत नाही. खाली लेनवाल्यांच्या सह्या आणि मोबाईल नंबर.

दोन कॉपी न्या. आवक-जावकच्या टेबलवर दुसऱ्या कॉपीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. बाबू म्हणेल "ठेवून द्या, मी साहेबांना देतो". ठेवायचं नाही. माझा पहिला अर्ज असाच ठेवला होता, तो कुठं गेला ते मला पण माहीत नाही आणि त्यांना पण नाही, आणि पोचच नाही तर भांडणार कशावर. एक प्रत कार्यकारी अभियंत्याला, एक तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकांना. प्रभागात चार असतात बहुतेक, चौघांना द्या, एकालाच दिली तर बाकीचे तीन म्हणतात ते काम त्यांचं.

नुसता खड्डा असेल तर एवढं काही करू नका, मनपाच्या ॲपवर फोटो टाका, हॉट मिक्स प्लांटवाले बुजवतात. पावसाळ्यात बुजवलेला पावसाळ्यातच उघडतो, ती गोष्ट वेगळी.

ठेलेवाल्यांचं काय करायचं

हा भाग नीट वाचा, कारण इथंच बहुतेक लेनवाले घाण करतात.

सह्या घ्यायला फिरलो तेव्हा तिसऱ्याच घरी मला म्हणाले, यात "अतिक्रमण हटवा" पण टाका, तो पानठेला आणि ती भाजीवाली मावशी उठली की फुटपाथ आपोआप मोकळा. मी म्हटलं काका, टेप घेऊन चला. मावशीचं पोतं कडेला एक मीटर जागा घेते आणि तिच्यासमोर सव्वादोन मीटर मोकळं आहे, आई तिथंच टेकते, तिथं कधी अडली नाही. अडते कुठं, तर डीपीजवळ, आणि काकांच्याच गेटच्या बाहेर त्यांनी गाडी चढवायला फुटपाथवर जो उंच ओटा बांधला तिथं. काका काही बोलले नाही, सही पण केली नाही.

कायदा पण हेच सांगते. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत आहे त्या विक्रेत्याला उठवता येत नाही, हलवायचं झालं तर ३० दिवसांची नोटीस लागते, आणि कुठं बसायचं कुठं नाही हे ठरवायला नगर पथविक्रेता समिती असते, त्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया. म्हणून अर्जात "अतिक्रमण हटवा" असं मोघम लिहू नका. लिहायचंच असेल तर लिहा की चालायची १.८ मीटर जागा सोडून विक्रेत्यांची जागा आखून द्यावी, आणि हा विषय पथविक्रेता समितीसमोर ठेवावा. त्याचा फायदा काय होते, तर सीताबर्डीच्या बाजारासारखं होत नाही, की सकाळी अतिक्रमणवाल्यांचा दस्ता येते, माल उचलते, संध्याकाळी परत सगळे तिथंच, आणि पायी चालणाऱ्याला ना सकाळी जागा ना संध्याकाळी.

आमच्या मावशीची सही पण अर्जावर आहे. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवला, मग म्हणाली, "भाऊ, पाणी साचते ना माझ्याजवळ, ते पण लिहा." ते लिहिलं. नालीची जाळी बुजली होती, ते काम सगळ्यात पहिले झालं.

पैसा आणि टायमिंग

जेई पाहणी करून गेला, मान डोलावली, म्हणजे काम झालं असं नाही. एस्टिमेट, मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर, एवढं सगळं असते आणि बजेटमध्ये हेड (त्या कामाची तरतूद) पाहिजे. आयुक्त बजेट स्थायी समितीकडे देतात ते वर्ष संपायच्या पहिले, म्हणून दिवाळीनंतर लगेच नगरसेवकांच्या मागे लागा, मार्चमध्ये जाऊन काही उपयोग नाही, मार्चमध्ये सगळे बिलं काढण्यात असतात. रॅम्प, रेलिंग अशा कामासाठी दिव्यांगांचा ५ टक्के निधी पण स्थानिक संस्थांना ठेवावा लागते, तो पूर्ण खर्च झाला का हे माहितीच्या अधिकारात विचारलं की ऑफिसात थोडी हालचाल होते, स्वानुभव.

रस्ता नवीनच झाला आणि उखडला तर नवीन काम मागू नका. दोषदायित्व कालावधी विचारा, म्हणजे इतकी वर्षं दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते. वर्क ऑर्डरची कॉपी काढा, त्यात तारीख आणि कालावधी दोन्ही असतात.

धोरणाचा ठराव

एक लेन करून थकलो मी, दहा झोनमध्ये प्रत्येकानं सव्वा वर्ष घालवायचं का? म्हणून हे मोठं काम. मार्च २०२२ पासून मनपावर प्रशासक होता, विचारायला सभागृहच नव्हतं, जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं तेव्हा कुठं परत १५१ नगरसेवक आले. आता आमसभेत ठराव मांडायला माणूस आहे. ठराव असा पाहिजे की मनपाचं रस्त्याचं कोणतंही काम करताना मानवी हक्कांचे चार-पाच नियम पाळल्याशिवाय एस्टिमेट मंजूरच होऊ नये. पुणे मनपानं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं होतं, तो नमुना नगरसेवकाला दाखवता येते. बाहेर अर्जेंटिनातल्या रोझारियोनं १९९७ मध्येच स्वतःला मानवी हक्कांचं शहर म्हणून घोषित केलं, व्हिएन्नानं २०१४ मध्ये. पण खरं सांगू, नगरसेवकाला व्हिएन्ना सांगू नका, पुणे सांगा. पुण्यात झालं आणि नागपुरात नाही म्हटलं की लागते बरोबर.

ठरावात काय टाकायचं ते मी असं लिहून दिलं होतं. एस्टिमेट बनवायच्या पहिले जेईनं त्या रस्त्यावरून एक दिव्यांग, एक ज्येष्ठ आणि एक बाई अशा तिघांसोबत पायी चालायचं, त्यातली एक फेरी अंधार पडल्यावर. ठेलेवाले असतील तर पथविक्रेता समितीचं मत घ्यायचं. रस्त्याची उंची वाढवायची नाही. आणि गडर लाईनचे (सांडपाण्याच्या गटाराचे) चेंबर उचलताना माणूस आत उतरवायचा नाही, २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय सफाईसाठी माणूस उतरवणं बंद आहे आणि मेला तर ३० लाख द्यायचे असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलं, तरी ठेकेदार रस्त्याच्या कामात पोरं उतरवतात, तेव्हा हे टेंडरच्या अटीतच पाहिजे.

भाषा साधी ठेवा आणि कायद्याच्या बाहेरचं काही टाकू नका, नाही तर प्रशासन ठराव सरकारकडे पाठवते आणि महानगरपालिका कायद्याच्या कलम ४५१ खाली तो विखंडित, म्हणजे रद्द होते, म्हणजे टाळ्या वाजल्या आणि हाती काही नाही.

तरी नाही झालं तर

माहिती नाही दिली तर ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टॅम्प. मग ९० दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ इथंच आहे. दिव्यांगांचा विषय असेल तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईला आहे, फी नाही, मराठीत लिहिलं तरी चालते, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागते, आणि तो शिफारस करते, आदेश देत नाही, हे डोक्यात ठेवून जा. खड्ड्यानं कोणी पडलं, हातपाय मोडला, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं भरपाई ठरवून दिली आहे, मृत्यू झाला तर ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख, त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. दवाखान्याचे कागद आणि त्याच दिवशीचा खड्ड्याचा फोटो पाहिजे. लोक पहिले दवाखान्यात पळतात, बरोबरच आहे, पण सोबतच्या कोणी तरी फोटो काढून घ्यावा, दुसऱ्या दिवशी खड्डा बुजलेला असू शकते.

कामाच्या दिवशी घरी थांबा

सुट्टी घ्या पण थांबा. आमच्याकडे गट्टू (पेव्हर ब्लॉक) लावणारे सकाळी आठला आले, डीपी हलवायचा खर्च परवडत नाही म्हणून फुटपाथच डीपीच्या बाहेरून वळवायचं ठरलं होतं, ते बरोबर केलं. रॅम्प मात्र साठ सेंटिमीटरमध्ये उरकून टाकला, एकदम खडा. मी कायदा वगैरे काही काढला नाही, घरात गेलो, आईचा वॉकर आणला आणि मिस्त्रीच्या हातात दिला, म्हटलं दादा चढून दाखवा. त्यानं वॉकर टेकवला, पुढचे दोन पाय उचलले गेले आणि तो मागं गेला. सगळे लेबर हसले. दोन मिनिटं उभा राहिला तसाच, मग पोराला म्हणाला, "फोड बे."

परत केला तो पावणेदोन मीटरचा. सिमेंटवर पोती टाकून पाणी मारायला लावा, आठवडाभर तरी, ठेकेदार दोन दिवसात पोती उचलून दुसऱ्या साईटवर नेते, मी घरची दोन जुनी चादरं टाकली.

डीपी अजून तिथंच आहे. फुटपाथ बाहेर आला म्हणून कोपऱ्यावर कार लावायची जागा गेली आणि तीन घरच्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं आहे, त्यात ते काका पण आहेत.